निवेदकाची भाषा कुणाची? : जेम्स केलमनच्या कादंबऱ्या

कादंबरीत पात्रे बोलतात आणि निवेदक सांगतो. ही विभागणी इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही राजकारण असेल असे आपल्याला वाटतही नाही. हमाल हमालासारखा बोलतो, मोलकरीण मोलकरणीसारखी. पण त्यांचे बोलणे अवतरणचिन्हांच्या कुंपणात असते. कुंपणाबाहेर जी भाषा मोकळी हिंडते, न्यायनिवाडा करते, ती शिकल्यासवरल्या सुस्थित माणसाची असते. ग्लासगो शहरातील कामगार वस्तीतून आलेल्या जेम्स केलमनने हे कुंपणच उखडून टाकले. दलित साहित्याच्या अभ्यासकाने त्याच्याकडे वळावे ते या कारणासाठी. ‘तोही गरिबीवर लिहितो’ एवढ्यासाठी नव्हे. गरिबीवर पुष्कळांनी लिहिले आहे, आणि त्यात गरिबाचा पुष्कळदा दुसऱ्यांदा अपमान झाला आहे.

केलमनचा जन्म १९४६ चा. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि तो छापखान्यात खिळे जुळवण्याची उमेदवारी करू लागला. पुढे मिळेल ते काम केले, बसवर कंडक्टरही झाला. सत्तरीच्या सुरुवातीस ग्लासगोत भरणाऱ्या एका लेखनवर्गात त्याची अलास्डेर ग्रे, टॉम लेनर्ड, लिझ लॉकहेड या मंडळींशी गाठ पडली. त्याचा पहिला कथासंग्रह १९७३ साली निघाला. तोही स्वदेशात नव्हे, अमेरिकेतील एका लहानशा प्रकाशनाकडून. घरच्यांना जी भाषा साहित्याची वाटत नव्हती, ती परक्यांना वाटली!

‘द बसकंडक्टर हाइन्स’ (१९८४) ही त्याची पहिली प्रसिद्ध कादंबरी. हाइन्स हा कंडक्टर, बायको सँड्रा, एक लहान मुलगा, पडकी खोली, आणि कंडक्टरविना बस चालवण्याची टांगती तलवार. एवढेच कथानक. मुख्य कचेरी त्याला स्वतःच्या वेळात हजर व्हायला सांगते, तो म्हणतो पगाराच्या वेळात येईन. या क्षुल्लक वाटणाऱ्या तंट्यातून कामगाराच्या वेळेवर मालकी कुणाची, हा प्रश्न उभा राहतो. हाइन्सच्या डोक्यात तत्त्वज्ञानही चालते, शिवीही चालते, आणि दोन्ही एकाच वाक्यात नांदतात. कंडक्टर विचार करतो हे ज्यांना खपत नाही, त्यांना ही कादंबरी कंटाळवाणी वाटते.

आपल्या वाचकांपैकी जे शिक्षक आहेत त्यांनी ‘अ डिसअफेक्शन’ (१९८९) अवश्य वाचावी. पॅट्रिक डॉयल हा कामगाराचा मुलगा शिकून मास्तर झाला आहे. भाऊ बेकार आहे, आणि आपण ज्या पोरांना शिकवतो त्यांना व्यवस्थेच्या दावणीला बांधण्याचाच पगार घेतो, ही टोचणी त्याला झोपू देत नाही. शिक्षणाने वर आलेल्या माणसाची ही कुतरओढ आपल्याकडे फार ओळखीची आहे. फरक एवढाच की डॉयलला आपल्या घरी परत जाता येत नाही याचे दुःख आहे, आणि आपल्या पांढरपेशा दलिताला बाहेरच्यांनीही कधी पुरते आत घेतलेले नसते.

‘हाऊ लेट इट वॉज, हाऊ लेट’ (१९९४) हे त्याचे सर्वांत समर्थ पुस्तक. सॅमी हा तुरुंग भोगून आलेला मनुष्य दारूच्या गुंगीतून गल्लीत जागा होतो, साध्या वेशातल्या पोलिसांशी भिडतो, मार खातो. कोठडीत शुद्धीवर येतो तेव्हा त्याला दिसेनासे झाले आहे. तेथून तो भिंती चाचपत घरी येतो. मग सरकारी कचेऱ्या, अर्ज, नोंदी. डॉक्टरही त्याचे आंधळेपण मान्य करीत नाही. ती त्याची एक ‘तक्रार’ ठरते. आपले अत्याचार पोलीस ठाण्याच्या डायरीत ‘कथित’ होताना ज्यांनी पाहिले आहेत त्यांना यावर भाष्याची गरज नाही. निवेदक तृतीयपुरुषी आहे, पण तो सॅमीच्याच बोलीत बोलतो. सॅमीच्या डोक्यावर उभा राहून त्याच्याकडे पाहणारा कुणीही या कादंबरीत नाही.

त्या वर्षीचे बुकर पारितोषिक तिला मिळाले. ते मिळवणारा केलमन हा पहिला स्कॉटिश लेखक. लगेच गदारोळ झाला. परीक्षक मंडळातील ज्युलिया न्यूबर्गर यांनी या निवडीला लाजिरवाणी म्हटले, ‘टाइम्स’मध्ये सायमन जेंकिन्स यांनी तिला वाङ्मयीन विध्वंस ठरवले. शिव्या मोजल्या गेल्या, आकडा ४,००० च्या आसपास सांगितला गेला. शिव्या मोजणाऱ्यांनी सॅमीला बसलेले ठोसे मोजले नाहीत. केलमनने समारंभातच ठणकावले की, आपल्या संस्कृतीला आणि भाषेला अस्तित्वाचा हक्क आहे, तो नाकारण्याचा अधिकार कुणालाही नाही.

आपल्याकडे हा वाद वेगळ्या रूपाने होऊन गेला आहे. ‘गोलपिठा’ (१९७२) आला तेव्हा नामदेव ढसाळांच्या शब्दांनी सदाशिवपेठी रसिकता बावचळली. त्या कवितेच्या दारात विजय तेंडुलकरांची प्रस्तावना उभी होती. पण कवितेने जे केले ते आपल्या गद्याने तितक्या निःशंकपणे केले का? ‘बलुतं’ (१९७८) मध्ये दगडू पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. एकाच माणसाची ही दोन नावे म्हणजे दोन भाषाच आहेत, आणि लेखणी दया पवारांच्या हातात आहे. पवारांनी ही फूट लपवली नाही हा त्यांचा प्रामाणिकपणा. आपल्या कितीतरी कथांत मात्र संवाद वस्तीचे आणि निवेदन पाठ्यपुस्तकाचे, अशी वाटणी बिनतक्रार चालू राहिली. प्रमाणभाषा हे आपण झगडून मिळवलेले हत्यार आहे, ते का टाकावे, हा आक्षेप मला माहीत आहे आणि तो पोकळ नाही. ज्याला शाळेची पायरीच नाकारली गेली होती त्याने शुद्ध मराठी लिहिणे हाही विद्रोहच होता. प्रश्न हत्यार टाकण्याचा नाही. निवाड्याची भाषा कोणती, हा आहे.

जातीचे वास्तव मात्र केलमनच्या जगात शोधू नये. ‘किरन स्मिथ, बॉय’ (२००८) मध्ये मुलाचे नाव कॅथलिक वळणाचे आणि घर प्रॉटेस्टंट, म्हणून त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते. आई त्याला घरात नीट बोल म्हणून दटावते. आडनाव विचारले जाताना काय होते ते जाणणाऱ्याला हे वाचताना कळ येईल. तरी तो पंथभेद आहे. त्याच्या मुळाशी विटाळ नाही.

केलमनमधली खरी उणीव दुसरी आहे. त्याच्या स्त्रिया बहुधा पुरुषांच्या डोक्यातूनच दिसतात. सॅमीची हेलन तर कादंबरीत येतच नाही, ती गेलेली असते. ‘मो सेड शी वॉज क्वर्की’ (२०१२) मध्ये त्याने लंडनच्या जुगारघरात काम करणाऱ्या स्त्रीचे मन मध्यभागी ठेवले, पण तोवर जवळजवळ तीन दशके उलटली होती. आणि त्याची माणसे एकटी आहेत. स्वतः केलमन अ‍ॅस्बेस्टॉसने फुप्फुसे गमावलेल्या क्लाइड नदीकाठच्या कामगारांसाठी लढला. १९९० साली ग्लासगो ‘युरोपची सांस्कृतिक नगरी’ म्हणून मिरवू लागली तेव्हा ‘वर्कर्स सिटी’ गटातून त्याने त्या मिरवणुकीला विरोध केला. त्याच्या कादंबरीत मात्र संघटना नाही. सॅमीचा खटला चालवू पाहणारा अ‍ॅली भेटतो, सगळे कायदे त्याला पाठ आहेत. सॅमी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. आपल्या वतीने बोलणाऱ्याविषयीचा हा संशय केलमनच्या सगळ्या लेखनाचा कणा आहे, आणि ‘संघटित व्हा’ या बाबासाहेबांच्या आदेशावर वाढलेल्या वाचकाला तो खटकणारच. मलाही खटकतो. पण मोर्च्याच्या पुढाऱ्याने आपल्या भाषेत आपलीच कैफियत आपल्यालाच समजावून सांगावी, हा अनुभव चळवळीतल्या कुणाला नाही? सॅमी पोरग्याचे पैसे खिशात घालतो, टॅक्सी थांबवतो आणि अ‍ॅलीला न सांगता निघून जातो.