डेटाबेस रचना व ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रणाली विकास : अध्यापनातील दुराव्याची चिकित्सा

प्रस्तावना : एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल प्रतिमान मांडले, तर सिम्युला ६७ या भाषेतून ऑब्जेक्टची संकल्पना पुढे आली. महाविद्यालयांत हे दोन प्रवाह बहुधा स्वतंत्र विषय म्हणून शिकविले जातात. उदाहरणेही 'कर्मचारी-विभाग' यापलीकडे क्वचितच जातात. वर्धा जिल्ह्यातील अनेक विद्यार्थ्यांच्या घरी असलेला सातबारा मात्र वर्गाबाहेरच राहतो.

विवेचन : गट क्रमांक हा गावापुरताच अनन्य असतो, देवळी व सेलू तालुक्यांतील दोन गावांत तोच क्रमांक आढळू शकतो. म्हणून गाव व गट यांची संयुक्त की आवश्यक ठरते. एका गटाचे अनेक खातेदार आणि एका खातेदाराचे अनेक गट असल्याने हिश्शासाठी स्वतंत्र टेबल लागते. 'मालक' असा एकच रकाना ठेवल्यास वारस बहिणीच्या नावाला जागाच उरत नाही. येथवर नॉर्मलायझेशन साहाय्यभूत होते. फेरफार ही मात्र प्रक्रिया आहे : नोंद, नोटीस, हरकत, प्रमाणन. प्रमाणनापूर्वी हक्कनोंद बदलू न देणे हे 'फेरफार' क्लासच्या मेथडचे काम होय. तथापि, हा नियम केवळ क्लासमध्ये ठेवला, तर थेट टेबलात बदल करणाऱ्यास तो रोखू शकत नाही. डेटाबेसनेही तो राखला पाहिजे. दोन्ही विषयांची गाठ येथेच पडते आणि अध्यापनात नेमका हाच धागा निसटतो.

निष्कर्ष : विद्यार्थी-प्रकल्पांचे मूल्यमापन स्क्रीनच्या संख्येवरून न करता, चुकीची नोंद रोखण्याच्या क्षमतेवरून व्हावे. संशोधनानेही हीच कसोटी स्वीकारणे उचित ठरेल.