कुंडी, खिडकी आणि १९८९चा अहवाल

‘झाडं घरातली हवा शुद्ध करतात, नासाने सिद्ध केलंय.’ हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेलच. रोपवाटिकेच्या पाटीवर, व्हॉट्सॲपवर, नाहीतर होस्टेलच्या मीटिंगमध्ये. आमच्या होस्टेलमध्येही प्रत्येक खोलीत दोन मनी प्लांट ठेवायचा प्रस्ताव आला होता. खर्च थोडा, दिसायला छान, आणि पाठीशी नासा. विरोध कोण करणार?

या पोस्टमध्ये आपण त्या वाक्याच्या मुळाशी असलेला अहवाल वाचणार आहोत. झाडांना नावं ठेवायला नाही. संशोधनाकडे वळणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी करावा असा हा अभ्यास आहे: मूळ प्रयोगाने विचारलेला प्रश्न कोणता, आणि लोकांनी त्यातून उचललेलं उत्तर कोणत्या प्रश्नाचं?

अहवालात नेमकं काय आहे

बी. सी. वुल्व्हर्टन हे नासाच्या मिसिसिपीतल्या स्टेनिस केंद्रातले शास्त्रज्ञ. त्यांनी दोन सहकाऱ्यांसोबत सप्टेंबर १९८९मध्ये एक अहवाल दिला. कामात अमेरिकेतल्या लँडस्केप कंत्राटदारांची संघटनाही भागीदार होती. ही भागीदारी लक्षात ठेवा, पण ‘झाडं विकणाऱ्यांचा हात होता म्हणजे सगळं खोटं’ अशी उडी मारू नका. कोण सोबत होतं यावरून प्रयोग चुकीचा ठरत नाही. तो किती बारकाईने वाचायचा, एवढंच ठरतं.

पार्श्वभूमीही समजून घ्या. अंतराळयान म्हणजे पूर्ण बंद खोली. आतल्या प्लॅस्टिकमधून, रंगांतून, उपकरणांतून निघणारी बाष्पनशील सेंद्रिय संयुगं बाहेर जाऊच शकत नाहीत. तिकडे जमिनीवर १९७०च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर इमारतीही वीज वाचवण्यासाठी घट्ट बंद व्हायला लागल्या होत्या. तेव्हा ‘बंद जागेतली रसायनं झाडं काढून घेऊ शकतात का?’ हा प्रश्न अगदी रास्त होता.

प्रयोग असा: एक घनमीटरहूनही लहान अशा पारदर्शक बंद पेट्या, आत एक झाड, त्यात बेन्झीन, ट्रायक्लोरोइथिलीन किंवा फॉर्मल्डिहाइड सोडायचं आणि २४ तासांनी किती टक्के उरलं ते मोजायचं. टक्केवाऱ्या चांगल्या आल्या. पुढे ज्या ‘हवा शुद्ध करणाऱ्या झाडां’च्या याद्या फिरल्या, त्या इथूनच निघाल्या.

अहवालाची जमेची बाजू आधी सांगते. संशोधकांनी पानं काढून टाकलेल्या कुंड्याही तपासल्या, नुसती मातीही तपासली. त्यातून दिसलं की बरंचसं काम पानं करत नाहीत, मुळांभोवतीची माती आणि तिच्यातले सूक्ष्मजीव करतात. म्हणून अहवालाने सुचवलेली रचना नुसती कुंडी नव्हतीच: पंख्याने हवा ओढून सक्रिय कोळसा आणि मुळांच्या थरातून जबरदस्तीने न्यायची. म्हणजे तो एक गाळणी-यंत्राचा आराखडा होता. प्रवासात पंखा गळला, कोळसा गळला, आणि खिडकीतलं शोभेचं झाड तेवढं उरलं.

टक्केवारीने केलेली फसगत

आता कागद-पेन घ्या. समजा, अर्ध्या घनमीटरच्या पेटीत एका झाडाने २४ तासांत ७० टक्के रसायन काढलं. ऐकायला भारी वाटतं. पण टक्केवारी ही झाड आणि पेटी या जोडीची असते, एकट्या झाडाची नाही. झाडाची क्षमता हवी असेल तर ताशी किती घनमीटर हवा साफ झाली ते काढावं लागतं.

७० टक्के गेलं म्हणजे ३० टक्के उरलं. घट घातांकी धरली तर १/०.३चा नैसर्गिक लॉगॅरिदम साधारण १.२, भागिले २४ तास, म्हणजे ताशी ०.०५. त्याला पेटीच्या आकारमानाने, ०.५ने, गुणा. उत्तर आलं ताशी ०.०२५ घनमीटर. म्हणजे तासाला २५ लिटर. पाण्याच्या मोठ्या जारपेक्षा जरा जास्त हवा.

आता होस्टेलची खोली घ्या: ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद, ३ मीटर उंच, म्हणजे ३६ घनमीटर. दारं-खिडक्या लावलेल्या असल्या तरी फटींतून हवा येते-जाते. दोन तासांत एकदा सगळी हवा बदलते असं धरलं तर ताशी १८ घनमीटर. फटी फुकटात जेवढं करतात तेवढं करायला ७२० कुंड्या लागतील. खोलीचं क्षेत्रफळ १२ चौरस मीटर, म्हणजे दर चौरस मीटरला ६० कुंड्या. तुम्ही झोपणार कुठे?

हे गणित माझ्या ‘समजा’वर उभं आहे, म्हणून ते पडताळून पाहायला हवं. ड्रेक्सेल विद्यापीठातल्या ब्रायन कमिंग्ज आणि मायकेल वॉरिंग यांनी २०१९मध्ये नेमकं हेच केलं. १२ प्रकाशित अभ्यासांतले १९६ प्रायोगिक निकाल घेतले आणि सगळे या एकाच मापात बदलले. मध्यक आला एका झाडामागे ताशी ०.०२३ घनमीटर. इमारतीत मुळात होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीची बरोबरी करायला दर चौरस मीटर जमिनीमागे १० ते १००० झाडं लागतील, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

या समीक्षालेखाचीही समीक्षा करायला हवी. खोलीतली हवा सगळीकडे सारखी मिसळलेली आहे, हे त्याचं गृहीतक. मूळ प्रयोगांत सोडलेली रसायनं बऱ्याचदा घरातल्या पातळीपेक्षा कितीतरी जास्त होती, तेव्हा कमी पातळीवर झाड तसंच वागेल का, हाही प्रश्न राहतो. पण फरक शेकडो पटींचा आहे. गृहीतकं हलवून उत्तर दुप्पट-तिप्पट बदललं, तरी दोन मनी प्लांटपर्यंत येत नाही. समीक्षा करताना हे तारतम्य ठेवा. चूक दाखवणं सोपं असतं. ती चूक निष्कर्ष उलटवण्याइतकी मोठी आहे का, हे तपासायला कष्ट पडतात.

मग खोलीत खरं काय चाललंय?

अहवालाने मोजलं बेन्झीन. होस्टेलच्या बंद खोलीतल्या तुमच्या तक्रारी कोणत्या? सकाळी डोकं जड, खोलीत कोंदट वास, पावसाळ्यात भिंतीला ओल आणि बुरशी, रात्री डासांच्या कॉइलचा धूर, थंडीत बाहेर जाळलेल्या कचऱ्याचा धूर. यातली एकही गोष्ट त्या पेट्यांमध्ये नव्हती. धूलिकण तर मोजलेच नव्हते.

आधी श्वास बघू. झोपलेला माणूस तासाला अंदाजे १३ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दोघांचे २६ लिटर. फटींतून ताशी ११ घनमीटरच हवा बदलत असेल, तर आठ तासांनंतर खोलीतलं प्रमाण बाहेरच्या ४२०वरून साधारण २६०० पीपीएमपर्यंत चढतं. हा वायू या पातळीला विष नाही. पण तो खूण आहे: तो साचला म्हणजे बाकीचंही साचलं.

याचा झोपेवर परिणाम होतो का? २०१६मध्ये डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी चक्क विद्यार्थ्यांच्या होस्टेलच्या खोल्यांमध्येच प्रयोग केला. एक आठवडा खिडकी बंद, एक आठवडा उघडी. कार्बन डायऑक्साइडची सरासरी बंद खोलीत २५८५ पीपीएम, उघडीत ६६०. खिडकी उघडी आहे हे विद्यार्थ्यांना कळणारच, आणि त्यानेच उत्तरं बदलतील, ही शंका तुमच्याही मनात आली असेल. म्हणून दुसऱ्या फेरीत हवा आत घेणाऱ्या झडपेत आवाज न करणारा पंखा बसवला, आणि ९०० पीपीएमच्या वर गेलं की तो चालू होई. खेळत्या हवेत झोप चांगली लागली, आणि दुसऱ्या दिवशीच्या तर्काच्या चाचणीतली कामगिरीही सुधारली.

टीका इथेही करायची आहे. पहिल्या फेरीत १४ जण, दुसरीत १६. नमुना लहान. शिवाय तिथे रात्रभर खिडकी उघडी ठेवता येते. आपल्याकडे तसं केलं तर काय होतं, तुम्हाला माहीत आहे. तरीही ‘होस्टेलची खोली’ या प्रश्नासाठी हा अभ्यास नासाच्या अहवालापेक्षा कितीतरी जवळचा आहे: जागा तीच, माणसं तशीच, आणि मोजलेली गोष्ट आपल्याला हवी असलेली.

डास, कॉइल आणि जाळी

आपल्याकडे खिडकी बंद होते ती मुख्यतः डासांमुळे. मग लागते कॉइल. २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं आढळलं की एक कॉइल जळताना पीएम २.५ म्हणजे अतिसूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके सुटू शकतात, आणि फॉर्मल्डिहाइड ५१ सिगारेटींइतकं. तेच फॉर्मल्डिहाइड, जे काढायला आपण मनी प्लांट आणणार होतो! तेही बंद खिडकीच्या आत, रात्रभर.

आणि मनी प्लांट आपण ठेवतो कशात? बाटलीत, पाण्यात. नाहीतर कुंडीखाली पाण्याची बशी. डेंग्यूचा एडिस डास नेमका अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. बाटलीतलं पाणी आठवड्यातून एकदा बदललं नाही, तर हवा शुद्ध करायला आणलेल्या झाडामुळे डास वाढतील, डासांमुळे कॉइल लागेल, आणि कॉइलमुळे हवा आणखी बिघडेल.

म्हणून मीटिंगमध्ये मी कुंड्यांच्या जागी खिडक्यांना जाळी सुचवली. दिसायला ती काहीच भारी नाही, आणि ‘नासाची जाळी’ असंही म्हणता येत नाही. पण जाळी असली की कॉइल सुटते आणि खिडकी उघडी राहते. एका खर्चात दोन कामं. जाळी होईपर्यंत पलंगाला मच्छरदाणी. दाराच्या वरचा झरोका पुठ्ठ्याने बंद केला असेल तर तो काढा. हवेला आत यायला एक वाट आणि बाहेर जायला दुसरी लागते. ओल असेल तर आधी गळती शोधा, कपडे खोलीत वाळत घालू नका, उदबत्ती कमी करा.

खिडकी हे सगळ्यावरचं औषध नाही. बाहेर धूर असेल तर तीच खिडकी कण आत आणते. अशा वेळी ती थोडा वेळ लावून घ्यावी, धूर ओसरला की उघडावी. खोलीत दम्याचा रुग्ण असेल तर हेपा गाळणीचं यंत्र कामाचं आहे. ताशी २०० घनमीटर क्षमतेचं यंत्र आपली ३६ घनमीटरची खोली तासात साडेपाच वेळा गाळेल. पण ते कण गाळतं, कार्बन डायऑक्साइड नाही. कोणता प्रदूषक, हे ठरवल्याशिवाय कोणताही उपाय ‘चांगला’ नसतो.

तुमच्यासाठी काम

पुढच्या वेळी ‘सिद्ध झालंय’ ऐकलंत की चार गोष्टी शोधा: काय मोजलं, केवढ्या जागेत, कशाच्या तुलनेत, आणि आकडा टक्क्यात आहे की दरात. पीएचडीच्या मुलाखतीत पेपर समोर ठेवला तरी हेच प्रश्न कामाला येतात.

जमलं तर एक छोटा प्रयोगही करा. विभागात कार्बन डायऑक्साइडचा मीटर असेल तर एका रात्रीसाठी मागून घ्या. सकाळी खोली रिकामी करा, दार लावा आणि आकडा खाली येताना बघा. समजा १६२०वरून तासाभरात ८२० झाला. दोन्हीतून बाहेरचे ४२० वजा करा: १२०० आणि ४००. गुणोत्तर ३, त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम १.१. म्हणजे तुमच्या खोलीत तासाला १.१ वेळा हवा बदलते. मग खिडकी उघडून पुन्हा मोजा. मग खिडकी लावून, दोन कुंड्या ठेवून पुन्हा.

झाड ठेवायचंच असेल तर खुशाल ठेवा. हिरवं दिसतं, बरं वाटतं, एवढं कारण पुरेसं आहे. त्यासाठी नासाची साक्ष लागत नाही. पाणी मात्र आठवड्याला बदला.