स्त्रुमेचा ‘त्’

आजच्या बल्गेरियात नांदून गेलेली प्राचीन थ्रेसची भाषा ही स्लाव्ह भाषांची जननी, हे मत मलाही एके काळी पटले होते. कारण एक नदी! तिथली स्त्रुमा, ग्रीकांची स्त्रिमोन. धातू आपल्या ‘स्रवति’मधलाच, पण ‘स्’ आणि ‘र्’ यांच्यामध्ये ‘त्’ शिरलेला. रशियन ‘स्त्रुया’, म्हणजे धार, तिच्यातही तोच! मी हरखलो. मग ध्यानात आले, की ‘ट’ होऊन तो इंग्रजांच्या ‘स्ट्रीम’मध्येही आहे. त्यांना कोणत्या पंगतीला बसवायचे?

नावे सोडली तर मोजकेच लेख उरतात. एझेरोव्होला 1912 साली सापडलेल्या सोन्याच्या अंगठीवर ग्रीक लिपीतली 61 अक्षरे आहेत, सलग. ज्याने त्याने सोयीने शब्द तोडावेत! दुरिदानोव्ह यांनी 1969 साली बाल्टिक भाषांशी जवळीक दाखवली, ती मला अधिक पटते. स्लाव्ह भाषा बाल्टिकच्याच भावकीतल्या. थोडे साम्य येणारच. पण जननी? छे!