बसऱ्याला गेलेली पलटण आणि मराठी लेखणी

पांढुर्णा-सौंसर भागातल्या मराठी घरातले मूल पहिल्या महायुद्धाच्या खंदकात प्रथम उतरते ते हिंदीच्या तासाला. चंद्रधर शर्मा गुलेरींची ‘उसने कहा था’ ही कथा आमच्याकडे पिढ्यानपिढ्या शिकवली जाते. लहनासिंग ठाऊक नाही असा विद्यार्थी विरळाच. त्याच मुलाने घरी येऊन विचारले, की मराठीत असे काय आहे, तर आईवडिलांनी कोणते पुस्तक पुढे करावे?

पानिपत आहे, हे मान्य. भाऊसाहेबांच्या बखरीपासून विश्वास पाटलांच्या १९८८ सालच्या ‘पानिपत’पर्यंत एका पराभवाने मराठी लेखणीला दोन शतकांहून अधिक काळ पुरवले. पण समुद्र ओलांडून गेलेल्या शिपायाचे काय? नोव्हेंबर १९१४ मध्ये इराणी आखाताच्या टोकाशी, फाव येथे, जी फौज उतरली तिच्यात ११७वी मराठा पलटण होती. तिच्या सहाव्या डिव्हिजनचे नावच मुळी ‘पूना डिव्हिजन’. १०३ आणि ११० क्रमांकाच्या मराठा पलटणीही याच डिव्हिजनमध्ये लढल्या. वर्षभर तैग्रिसच्या काठाने सरकत ही फौज बगदादच्या जवळ पोचली. टेसिफॉनला तडाखा खाऊन मागे फिरली आणि कूत-अल-अमारा या गावात अडकली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा वेढा पडला. धान्य सरत आले, तेव्हा घोडी आणि खेचरे कापली गेली. अखेर सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या कैदेत गेली आणि त्यांतली बहुतेक वाळवंटातून पायी हाकली गेली.

डिव्हिजनला नाव पुण्याचे, आणि या वेढ्यावर पानिपताच्या तोडीची एकही मराठी कृती नाही! १९३९ साली विश्राम बेडेकरांनी ‘रणांगण’ लिहिले. ती श्रेष्ठ कादंबरी आहे यात वाद नाही. पण तिचे रणांगण म्हणजे युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट. चक्रधर आणि हॅर्टा यांच्या मनातले. बंदूक खांद्यावर घेतलेला सातारा-रत्नागिरीचा माणूस त्या बोटीवर नाही.

आमचे लेखक आघाडीवर गेले नव्हते, ही सबब टिकत नाही. गुलेरी तरी कुठे गेले होते? अजमेरच्या मेयो कॉलेजात शिकवणारा हा संस्कृत पंडित. त्यांनी १९१५ साली, युद्ध चालू असतानाच, अमृतसरच्या बाजारातून थेट फ्रान्सच्या चिखलात कथा नेली. बंगालीत शिशिरप्रसाद सर्वाधिकारी स्वतः कूतला होते, कैदेतही गेले. त्यांचे ‘अभि ले बगदाद’ छापून यायला चाळीसेक वर्षे लागली, पण आले.

मराठीत अडले कुठे? लिहिणारी घरे आणि भरती होणारी घरे वेगळी होती, हे एक कारण. साताऱ्याच्या अपशिंगे गावातले शेहेचाळीस जण त्या युद्धात पडले. गावोगावच्या दगडी पाट्यांवर उरला तो असा आकडा. दुसरे कारण अधिक अवघड आहे. पानिपतात हरलेला माणूस निःसंशय आपला. कूतला हरलेला कोणाचा? राजा परका, शत्रूशी वैर नाही, पगार सरकारी. त्याला वीर म्हणावे तर राष्ट्रीय मनाला रुचत नाही. भाडोत्री म्हणावे तर जीभ उचलत नाही. गुलेरींनीही हा प्रश्न टाळला आहे. लहनासिंग मरतो तो सुभेदारणीला दिलेल्या शब्दासाठी, आणि ही लढाई कोणाची, हे कथेत कोणीच विचारत नाही. कथा सुंदर आहे. पण हे तिचे उणेपण आता वर्गात सांगितलेच पाहिजे.

मराठी लेखकासाठी जागा नेमकी तेथे होती. कूतमध्ये कित्येक हिंदी शिपायांनी आठवडेच्या आठवडे घोड्याचे मांस नाकारले. शेतातला पाला खुडून उकडला, हिरड्या सुजल्या, तरी नाकारले. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी मागवून कळवली, तरीही पुष्कळांनी हात लावला नाही. धास्ती तोफांची नव्हती. गावी कळले तर वाळीत टाकतील, पोरीबाळींची लग्ने अडतील, ही होती. पंचायत, सोयरीक, जात, भूक: यांतले आपल्या कथाकारांना अनोळखी असे काय होते? मेसोपोटेमिया पाहण्याचीही गरज नव्हती. शिपाई आपले गाव खांद्यावर घेऊनच त्या वेढ्यात बसला होता.