दोन अर्धांची इमारत

हैदराबादच्या पूर्वेला, वरंगळ रस्त्यावर, पोचारम येथे इन्फोसिसचा परिसर आहे. तिथली ‘एसडीबी-१’ ही कार्यालयीन इमारत २०११च्या सुमारास वापरात आली. मासिकाच्या मुखपृष्ठावर शोभावे असे तिच्यात फारसे काही नाही. तरीही भारतात माहिती-तंत्रज्ञानासाठी बांधल्या गेलेल्या इमारतींत मी तिला फार वरचे स्थान देईन. तिने वास्तुसमीक्षेपुढे एक अवघड प्रश्न ठेवला आहे : इमारत चांगली आहे, हे ठरवायचे कशावरून?

हिंजवडी, खराडी किंवा ऐरोलीला गेलेल्या माणसाला काचेचे मनोरे परिचयाचे आहेत. काच म्हणजे आधुनिकता, हे समीकरण आपण थंड प्रदेशांकडून उचलले. तिथे ऊन हवेहवेसे असते. आपल्याकडे ते उंबऱ्याबाहेर थोपवायचे असते. आधी काचेतून उष्णता आत घ्यायची आणि मग वीज जाळून ती बाहेर काढायची, असा हा उफराटा व्यवहार आहे. पोचारमच्या इमारतीत काच बेताची आहे आणि खिडक्यांवर सावली धरलेली आहे. खिडकीचा वरचा भाग उजेड छताकडे वळवून आतवर पोहोचवतो. आपल्या छज्जाचीच ही मोजूनमापून केलेली सुधारित आवृत्ती म्हणता येईल.

खरे नावीन्य पुढे आहे. सुमारे २४,००० चौरस मीटरच्या या इमारतीचे दोन सारखे भाग केले गेले. एका भागात नेहमीच्या पद्धतीचे, पण उत्तम दर्जाचे वातानुकूलन बसवले. दुसऱ्या भागात स्लॅबमध्येच नळ्या पुरून त्यांतून थंड पाणी खेळवले. उन्हाळ्याच्या दुपारी शहाबादी फरशीवर पाठ टेकली की जो गारवा लागतो, त्याचेच तत्त्व इथे आहे : अंगातली उष्णता थंड पृष्ठभाग ओढून घेतो. हवेच्या तुलनेत तेवढ्याच घनफळाचे पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेते. त्यामुळे मोठमोठे पंखे फिरवण्याचा खर्च वाचतो. शिवाय पाणी फार थंड करावे लागत नाही. दोन वर्षांच्या मोजणीत नळ्यांच्या भागाला वातानुकूलनासाठी सुमारे ३४ टक्के वीज कमी लागली. उभारणीचा खर्चही जास्त आला नाही.

या आकड्यापेक्षा मला त्यामागची रीत मोलाची वाटते. ‘हरित’ म्हणवणारी इमारत बहुधा कागदावरच्या एखाद्या काल्पनिक, सुमार इमारतीशी तुलना करून आपली बचत सांगते. इथे प्रतिस्पर्धी शेजारीच उभा होता. भिंती त्याच, ऊन तेच, कामाचे तास तेच आणि तोही आपल्या परीने कार्यक्षम. दुसरा अर्धा भाग हरला असता, तर ती हारही मीटरवर उमटली असती. हा धोका पत्करणारे मालक विरळा.

आपल्याकडे असा विषय निघाला की लेखक वाड्याच्या जाड भिंतींकडे आणि चौकाकडे वळतात. तो जिव्हाळा मलाही आहे. पण शेकडो संगणक आणि दाटीने बसलेली माणसे यांची उष्णता वाड्याने कधी सोसली नव्हती. त्याच्याकडून तत्त्व घ्यावे. नक्कल करून भागणार नाही.

आक्षेपही नोंदवायला हवेत. दमट हवेत थंड छतावर दव धरते, म्हणून ताजी हवा आधी कोरडी करून वेगळी पुरवावी लागते. मुंबई-कोकणात हे तंत्र वापरताना ही खबरदारी अधिकच कडक हवी. दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. हैदराबादचा तंत्रज्ञान-व्यवसाय मुख्यतः पश्चिमेला, माधापूर-गच्चीबावलीकडे एकवटला आहे. पोचारम शहराच्या दुसऱ्या टोकाला. बस आणि मोटारींत रोज जळणारे इंधन इमारतीच्या मीटरवर येत नाही. भिंतींच्या आतली काटकसर शहराची चूक झाकू शकते. हिंजवडीच्या वाहतूक कोंडीत अडकणाऱ्या वाचकाला हे समजावून सांगायला नको.

तरीही मोजमाप अपुरे आहे म्हणून ते टाकून द्यायचे नसते. त्याची कक्षा वाढवायची असते. आपल्या वास्तुसमीक्षेने छायाचित्र आणि नकाशा यांच्याबरोबर वर्षाचे वीजबिलही मागावे. निदान सार्वजनिक पैशातून उभ्या राहणाऱ्या इमारतींनी दर चौरस मीटरमागे किती वीज लागली, हा आकडा दरवर्षी दर्शनी भिंतीवर लावावा. कोनशिलेवर उद्घाटकाचे नाव कोरतो, तिथे एवढी जागा नक्कीच निघेल.