अंधाराचा नकाशा आणि वाशीमचे आकाश

आकाशदर्शनाचा कार्यक्रम ठरला की शिक्षकापुढे पहिला प्रश्न येतो तो जागेचा. शहराच्या दिव्यांपासून किती दूर जायचे? मुलांना घेऊन मुक्काम करायचा, तर कोठे? या प्रश्नाची तयार उत्तरे हल्ली मिळतात. आकाशाच्या कृत्रिम उजळपणाचा एक जागतिक नकाशा आहे. अंधाराची प्रत ठरवण्यासाठी बोर्टल यांची नऊ पायऱ्यांची शिडी आहे. शिवाय परदेशी मार्गदर्शक पुस्तकांतून आलेली, ध्रुवाजवळचे तारे मोजण्याची एक जुनी युक्ती आहे. ही तिन्ही साधने हाती घेऊन वाशीम जिल्ह्यात जागा शोधायला निघाले, तर ती किती उपयोगी पडतात, हे येथे पाहायचे आहे. आमचे मत आधीच सांगून टाकतो: तिन्ही साधने अभ्यासपूर्ण आहेत, आणि तिन्हींवर डोळे मिटून विसंबले तर वाशीमचा शिक्षक फसेल.

नकाशापासून सुरुवात करू. फाल्ची व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 2016 साली प्रसिद्ध केला. जगातील ऐंशी टक्क्यांहून अधिक माणसे कृत्रिम प्रकाशाने उजळलेल्या आकाशाखाली राहतात आणि एक तृतीयांशाहून अधिक लोकांना आपल्या घरातून आकाशगंगा दिसत नाही, हे निष्कर्ष त्याच कामातले. काम मोठे आहे यात शंका नाही. उपग्रहाने टिपलेला जमिनीवरील प्रकाश घ्यायचा, तो हवेत कसा विखुरतो याचे गणित मांडायचे, आणि जमिनीवरून घेतलेल्या हजारो मोजमापांशी ते ताडून पाहायचे, अशी त्याची रीत आहे. शहरे पिवळी-लाल, त्यांच्याभोवती हिरवी-निळी वर्तुळे आणि दूर कोठेतरी करडा-काळा रंग. काळ्या रंगावर बोट ठेवावे आणि तेथे तंबू ठोकावा, असे कोणालाही वाटेल.

पण या नकाशात प्रत्येक ठिकाणचा जो आकडा आहे, तो खस्वस्तिकाचा आहे, म्हणजे डोक्यावरच्या बिंदूचा. क्षितिजालगतच्या उजेडाविषयी नकाशा काहीच सांगत नाही. युरोपातील निरीक्षकाला याचे फारसे वाटणार नाही. आपल्याला वाटले पाहिजे. वाशीमचा अक्षांश सुमारे 20 अंश उत्तर. येथून अगस्त्य तारा दक्षिण क्षितिजापासून जास्तीत जास्त 17 अंश वर येतो, आणि धनू राशीतला आकाशगंगेचा मध्य सुमारे 41 अंश. लंडनहून अगस्त्य कधीच दिसत नाही. दक्षिणेचे हे वैभव आपल्या वाट्याला आले आहे, आणि ते नेमके त्या पट्ट्यात आहे ज्याविषयी नकाशा मुका आहे. एखादी जागा डोक्यावर अंधारी असेल, पण दक्षिणेला दहा किलोमीटरवर मोठे गाव असेल, तर अगस्त्य त्या गावाच्या धुरकट उजेडात विरघळून जाईल. म्हणून आमचा सल्ला असा की वाशीमकरांनी शहराच्या उत्तरेला न जाता दक्षिणेला, पैनगंगेच्या बाजूला जावे. शहर पाठीमागे उत्तरेला राहते आणि पाहायचे ते समोर.

(वाशीम आणि याम्योत्तर रेषा यांचा संबंध जुना आहे. सातव्या शतकातील पहिल्या भास्कराच्या ‘महाभास्करीय’ ग्रंथात लंका, अवंती, स्थानेश्वर यांच्याबरोबर वत्सगुल्माचे, म्हणजे वाशीमचे नाव मध्यरेषेवरील गावांत येते. मध्यमेश्वराच्या देवळाशी ही रेषा जोडणारी समजूतही गावात आहे. आजच्या मापाने उज्जैनचे रेखांश 75 अंश 46 कला आणि वाशीमचे सुमारे 77 अंश 8 कला. तारा वाशीमच्या माथ्यावर आल्यानंतर साडेपाच मिनिटांनी उज्जैनच्या माथ्यावर येतो. हा फरक वर्गात काढायला चांगले उदाहरण आहे.)

नकाशाविरुद्ध दुसरा आक्षेप काळाचा. त्यामागची उपग्रहनोंद 2014 सालातली आहे. त्यानंतर जानेवारी 2015 मध्ये देशात रस्त्यांवर एलईडी दिवे बसवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. 11 डिसेंबर 2022 रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला. तो या जिल्ह्यातून जातो. नकाशाला यातले काहीच ठाऊक नाही. कोणी म्हणेल, पुढच्या वर्षांची उपग्रहचित्रे पाहा. ती पाहावीत, पण ती जमिनीवरून वर निघणाऱ्या प्रकाशाची चित्रे असतात, आकाशाच्या उजळपणाची नव्हेत. शिवाय त्या उपग्रहावरील यंत्र साधारण 500 ते 900 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश टिपते, आणि पांढऱ्या एलईडी दिव्याच्या निळ्या प्रकाशाचे शिखर 450 नॅनोमीटरच्या आसपास असते. म्हणजे जो प्रकाश आकाशाला सर्वांत जास्त उजळतो, तोच यंत्राला दिसत नाही.

‘सर्वांत जास्त’ हा शब्द आम्ही हिशेबाने वापरला आहे. हवेच्या रेणूंवरून होणारे विखुरणे तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. जुन्या सोडियम दिव्याची पिवळी तरंगलांबी 589 नॅनोमीटर. 589 भागिले 450, आणि त्याचा चौथा घात: उत्तर जवळजवळ 3 येते. दिवसाचे आकाश निळे का, हे आठवी-नववीत शिकवताना जे सूत्र सांगतो, तेच रात्री रस्त्यावरच्या दिव्याला लावायचे आहे. सोडियमचा दिवा उतरवून तितक्याच प्रकाशाचा निळसर पांढरा दिवा चढवला, तर उपग्रह कदाचित म्हणेल की गाव थोडे मंदावले. खाली उभ्या असलेल्या मुलाचे आकाश मात्र अधिक उजळलेले असेल.

ही नुसती शंका नाही. 2011 ते 2022 या काळात सामान्य लोकांनी डोळ्यांनी तारे पाहून पाठवलेल्या पन्नास हजारांहून अधिक नोंदी तपासून 2023 साली काढलेला निष्कर्ष असा, की आकाश सरासरी दर वर्षी 9.6 टक्क्यांनी उजळत होते. चक्रवाढीने पाहिले तर आठ वर्षांत दुप्पट. त्याच ठिकाणांवर उपग्रहाला मात्र किंचित घट दिसत होती. बहुतेक नोंदी युरोप व उत्तर अमेरिकेतल्या होत्या, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा विदर्भाला लावू नये. पण कोट्यवधी रुपयांच्या यंत्राला जे दिसले नाही, ते साध्या डोळ्यांना दिसले, ही गोष्ट शाळांनी लक्षात घ्यावी अशी आहे.

आता बोर्टल यांच्या शिडीकडे वळू. जॉन बोर्टल या अनुभवी अमेरिकन निरीक्षकाने ती 2001 साली मांडली. पहिली पायरी अतिशय अंधाऱ्या आकाशाची, नववी महानगराच्या मध्यवस्तीची. कोणत्या पायरीवर काय दिसते याचे वर्णन सुरेख आहे. वाचताना अंधाराची चव कळते. पण त्याच्या कसोट्या कोणत्या? त्रिकोण तारकासमूहातील एम 33 ही दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दिसते का? राशिचक्र प्रकाश, म्हणजे सूर्याभोवतीच्या धुळीवरून परावर्तित होणारा फिकट उजेड, किती उंचीपर्यंत चढतो? ज्याने एम 33 कधी पाहिलीच नाही, त्याला ती दिसत नाही तेव्हा दोष आकाशाचा की डोळ्यांचा, हे कसे कळावे? राशिचक्र प्रकाशाचे तर वेगळेच. आपल्या अक्षांशावर क्रांतिवृत्त क्षितिजाशी बरेच उभे असते, त्यामुळे हा प्रकाश आपल्याला उत्तरेकडच्या निरीक्षकांपेक्षा सहज दिसतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये संध्याप्रकाश संपल्यावर पश्चिमेला पाहावे. म्हणजे एकाच अंधाराला एका कसोटीवर वरची पायरी मिळेल आणि दुसरीवर खालची. बोर्टल यांची शिडी जाणकारांच्या गप्पांसाठी उत्तम आहे. नववीच्या वर्गाच्या हाती मोजपट्टी म्हणून देऊ नये.

ध्रुवमत्स्यातील ताऱ्यांची युक्ती तर सरळ बाजूला ठेवावी. त्या समूहात दुसऱ्या प्रतीपासून पाचव्या प्रतीपर्यंतचे तारे क्रमाने आहेत, वर्षभर दिसतात, म्हणून त्यांतला सर्वांत अंधुक दिसलेला तारा हीच आकाशाची मर्यादा मानायची. ध्रुव 50 अंशांवर असेल तेथे हे ठीक. वाशीमला ध्रुव 20 अंशांवर. त्या उंचीवरचा तारा पाहताना डोक्यावरच्या ताऱ्यापेक्षा सुमारे तिप्पट जाडीच्या हवेतून पाहावे लागते, आणि तीही उन्हाळ्यात धुळीने भरलेली. त्यात जिल्ह्याच्या उत्तरेला अकोला. ही युक्ती आमच्याकडच्या हस्तपुस्तिकांतही शब्दशः उतरवलेली आढळते, याचे नवल वाटते.

मग काय करावे? आपल्या माथ्यावरून जाणारे तारे वापरावेत. कृत्तिका वाशीमच्या खस्वस्तिकापासून केवळ चार अंशांवरून जातात. त्यांतले सहा तारे 4.3 प्रतीपर्यंतचे आहेत. सातवा सुमारे 5.1 आणि आठवा 5.4 प्रतीचा. सातवा दुसऱ्या एका ताऱ्याला खेटून आहे, त्यामुळे तेथे आकाशाबरोबर डोळ्यांचीही परीक्षा होते. एकाच जागी तीस मुलांना मोजायला लावून सरासरी काढली की ही अडचण बरीच कमी होते. दुसरी कसोटी पूर्वा व उत्तरा भाद्रपदांच्या चौकोनाची. त्याच्या आत साडेचार प्रतीच्या आसपासचे दोन तारे जवळजवळ आहेत. चौकोन रिकामा दिसला, तर जागा बदलावी.

अंतराचा अंदाज घ्यायला वॉकर यांचा नियम आहे. शहराच्या लोकसंख्येचा शंभरावा भाग घ्यावा आणि त्याला किलोमीटरमधल्या अंतराच्या अडीचाव्या घाताने भागावे. शहराच्या दिशेला 45 अंश उंचीवर आकाश नैसर्गिक उजळपणाच्या किती पट अधिक उजळते, तो आकडा येतो. वाशीम शहराची 2011 ची लोकसंख्या सुमारे 78 हजार. दहा किलोमीटरवर उत्तर जवळजवळ अडीच येते, वीसवर 0.44, तीसवर 0.16. ऐंशी किलोमीटरवरच्या सव्वाचार लाखांच्या अकोल्याचे सुमारे 0.07. हा नियम कॅलिफोर्नियातील शहरांवरून बसवलेला आहे, आकडे शब्दशः घेऊ नयेत. पण उतार केवढा तीव्र आहे ते पाहा. पंचवीस-तीस किलोमीटरपलीकडे वाशीमपासून आणखी दूर पळण्यात लाभ नाही. या जिल्ह्यात तर तोटाच, कारण तोवर रिसोड, मालेगाव किंवा मंगरुळपीर जवळ येते. पुढचा अंधार दोनशे मीटरवरचा एक उघडा दिवा ठरवतो, आणि तो दिवा कोणत्याच नकाशावर नाही.

नकाशावर आणखीही बऱ्याच गोष्टी नाहीत. काळवीटांसाठी राखलेले कारंजा-सोहोळ अभयारण्य अंधारे असेल, पण वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तेथे परवानगीवाचून जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे. धरणाच्या काठी दव पडते आणि दुर्बिणीचे भिंग ओले होते. सोयाबीन निघाल्यावरचे पडीक रान चांगले, पण गवतात साप असतात. मुलांच्या पायात बूट हवेत आणि वाटेवर लाल कागद लावलेली विजेरी हवी. मुली येणार असतील तर पालकांना जागा, वेळ, सोबत कोण, हे सारे आधी सांगावे लागते. आमच्या मते या सर्व अटींत बसणारी जागा बहुधा एकच: दक्षिणेकडच्या एखाद्या लहान गावातली जिल्हा परिषद शाळा. पाणी आहे, छप्पर आहे, शौचालय आहे. फक्त समोरचा दिवा आहे.

त्या दिव्यापाशी खरा प्रश्न येतो. वाशीमचा समावेश 2018 साली देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांत झाला. अर्थशास्त्रज्ञ उपग्रहाच्या रात्रीच्या चित्रांवरून विकासाचा अंदाज बांधतात; त्यांच्या लेखी काळा ठिपका म्हणजे मागासलेला ठिपका. आकाशप्रेमी तोच ठिपका पाहून हरखतो. ज्या गावाने भारनियमनाची वर्षे काढली, त्याला शहरातून आलेल्या पाहुण्याने अंधाराचे कौतुक सांगणे आम्हांला बरे वाटत नाही. म्हणूनच जानेवारी 2024 मध्ये पेंच व्याघ्रप्रकल्पाला देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा बातम्यांत जे मागे पडले ते आम्हांला महत्त्वाचे वाटते. तेथील अंधार केवळ सापडलेला नव्हता. परिसरातील गावांमधले शंभराहून अधिक दिवे बदलून, त्यांचा प्रकाश खाली वळवून तो राखला गेला. तेथे गावे अंधारात गेली नाहीत. रस्त्यावर उजेड आहेच.

वाशीमच्या शाळेने सहल काढून पेंचला जावे, असे आम्ही म्हणणार नाही. पत्र्याची टोपी घातलेला दिवा कमी वॅटमध्ये तितकाच रस्ता उजळतो, हे प्रकाशमापक घेऊन, किंवा नुसते वहीचे पान धरून, मुले ग्रामपंचायतीला दाखवू शकतात. टोपीपूर्वी आणि टोपीनंतर चौकोनातले तारे मोजावेत. रात्री शाळा जमते ती बहुधा कोजागरीला, म्हणजे तारे पाहण्यासाठी सर्वांत वाईट रात्री. दिवाळीची अमावास्या फटाक्यांच्या धुरात जाते. त्यानंतरची कार्तिक अमावास्या घ्यावी: पाऊस संपलेला, साडेसातच्या सुमारास भाद्रपदांचा चौकोन माथ्यावर, अकरानंतर कृत्तिका. वहीत तारीख, वेळ, जागा, दिशा आणि प्रत्येक मुलाने मोजलेले तारे लिहावेत, आणि पुढल्या वर्षी त्याच तिथीला, त्याच जागेवरून पुन्हा मोजावेत.