हाईम समुवेल केहिमकर : एका नावाचा अर्थ

नवी मुंबईच्या एपीएमसी मार्केटमधील धान्यबाजाराला ‘दाणाबंदर’ म्हणतात. तेथे बंदर नाही. मुंबईतील मशीद बंदर परिसरातून धान्याचा घाऊक व्यापार खाडीपलीकडे आला, तेव्हा व्यापाऱ्यांनी पोत्यांबरोबर पेठेचे नावही आणले. ज्या ‘मशिदी’वरून त्या जुन्या परिसराला नाव पडले असे मानतात, ती यहुदी लोकांचे सिनेगॉग होय. सामाजी हसाजी दिवेकर यांनी ते 1796 साली बांधले, आणि कोकणातील बेने इस्राएल समाज त्याला मशीदच म्हणे.

या समाजाची ओळख करून घेण्यासाठी हाईम समुवेल केहिमकर यांचा बेने इस्राएलांचा इतिहास वाचावा. हा इंग्रजी ग्रंथ 1897 साली लिहून झाला आणि 1937 साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. ‘आम्ही कोण?’ हा त्याचा मूळ प्रश्न. अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात जोडपी वाचली, ही परंपरा केहिमकर इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाशी जोडतात. येथे ग्रंथ दुबळा पडतो, कारण या कालनिर्णयास समकालीन लेखी आधार नाही. शब्बाथ, सुंता व आहारनियम यांविषयीचे त्यांचे विवेचन अधिक भक्कम आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या लोकांना शेजारी ‘शनिवार तेली’ म्हणत, ही एक मोठीच साक्ष आहे.

परंतु माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा मुखपृष्ठावरच आहे. हाईम म्हणजे हिब्रू भाषेत ‘जीवन’. समुवेल हे पित्याचे, शास्त्रातील नाव. केहिमकर हे किहीम गावावरून. स्वतःचे, वडिलांचे व गावाचे नाव, ही तर आपली मराठी रीत! शमुवेलाचा सामाजी झाला, एलियाचा एलोजी, इसहाकाचा इसाजी. तरी आतला संदेष्टा वा कुलपती पुसला गेला नाही.

दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेत असताना ‘बेने इस्राएल’ या नावामुळेच त्यांचे प्राण वाचले, असे परंपरा सांगते. त्याच नावाला पुढे इस्राएल देशात पुरावा मागण्यात आला. 1962 च्या सुमारास तेथील धर्मगुरूंनी विवाहापूर्वी या समाजाच्या वंशाची चौकशी करण्याचे आदेश दिले. समाजाने निकराने निषेध केला. 1964 साली शासनाने व संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे स्पष्ट केले. ज्या नावाने परक्याच्या दारी अभय दिले, त्याच नावासाठी स्वकीयांच्या दारी झगडावे लागले!

वाचकहो, पोर्तुगीज आडनावे धारण करून मराठीत प्रार्थना करणाऱ्या आपल्यालाही ‘तुम्ही नक्की कुठले?’ हा प्रश्न नवा नाही. अशा वेळी उत्पत्तीच्या 32 व्या अध्यायाकडे वळावे. याकोबाला ‘इस्राएल’ हे नाव रात्रभराच्या झुंजीनंतर मिळाले; पहाटे तो लंगडत निघाला. ते नाव त्याला वंशावळीने दिले नव्हते, देवाने दिले होते. केहिमकरांनी रक्ताचा पुरावा शोधण्यात बरीच पाने खर्च केली. त्यांच्या पूर्वजांनी मात्र ग्रंथ हाताशी नसताना, दर शनिवारी घाणा थांबवून, ते नाव सार्थ केले होते. बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेले नाव आपण कशाने सार्थ करतो, हे प्रत्येक कुटुंबाने स्वतःस विचारावे.